खंडेनवमीचं हँडल

लवू तारी एका जागी बूड टेकून बसलाय, असं वाडीत कोणी पाहिलं नव्हतं. जेवायला बसला तरी एक गुडघा वर, आत्ता उठून निघायचं असल्यासारखा. लग्नात अंतरपाटाआड उभा होता तेव्हासुद्धा पायाच्या अंगठ्याने सारवण उकरत होता म्हणे, आणि नवरीच्या, म्हणजे सुगंधाच्या, मामाने भटजींना हळूच विचारलं होतं, "नवऱ्याक मुंगळे चावतत काय?" पायाला भिंगरी असलेली माणसं कोकणात कमी नाहीत, अर्धी मुंबई त्यांनीच भरली. पण ती निदान कुठेतरी जातात. लवू कुठेच जात नसे. घरून सड्यावर, म्हणजे वाडीच्या वरच्या कातळमाळावर, सड्यावरून घरी, आणि दोन्ही ठिकाणी नुसत्या येरझाऱ्या.

सड्यावर त्याची नोकरी होती. साल सहासष्ट. धरणाची वीज डोंगर उतरून कुडाळपर्यंत आली आणि तिथून खांबांवरून किनाऱ्याकडे निघाली, तेव्हा मालवणच्या अलीकडच्या कातळावर तारेचं कुंपण घालून एक सबस्टेशन उभं राहिलं. कुंपणात एक भलामोठा ट्रान्सफॉर्मर आणि चिऱ्याची एक खोली. खोलीत टेबल, खुर्ची आणि भिंतीवर काट्यांची मीटरं. खुर्ची कोरी करकरीत राहिली होती, कारण लवू तिच्यावर बसत नव्हता आणि त्याचा जोडीदार गणपत जमिनीवर घोंगडी टाकून पडायचा. ट्रान्सफॉर्मर हा शब्द वाडीच्या तोंडात मावत नव्हता, म्हणून लोक त्याला 'डबो' म्हणत.

डब्याची राखण म्हणजे काय, हे लवूने आपल्या आईला, हौसाबाईला, एकदा समजावलं होतं. डबा बसला त्या आठवड्यातच ती घाटी चढून तो बघायला आली होती. लवूने तिला कुंपणाच्या आत नेलं आणि डब्याच्या कुशीला असलेली छोटी लोखंडी पेटी उघडून दाखवली.

गोष्ट अशी आहे. लांबून येणारी वीज वाटेत दमते. संध्याकाळी घरोघरी बटणं खाली झाली की आणखी दमते, दिवे तांबडे होतात, मोटरी कण्हायला लागतात. उलट माणसं झोपली की तिचा जोर वाढतो आणि बल्ब फटाफट उडतात. डब्याच्या पोटात तांब्याच्या तारेचे वेढे असतात. ते वेढे कमी-जास्त केले की बाहेर पडणारा जोरही कमी-जास्त होतो, म्हणून वेढ्यांना ठिकठिकाणी फाटे काढून ठेवलेले असतात. त्यांना टॅप म्हणायचं. एका टॅपवरून दुसऱ्यावर जायचं, तेही वीज वाहती असताना, गावातला एक दिवा न विझवता. ते काम करणारं यंत्र, टॅप चेंजर, डब्याच्या कुशीला तेलात बुडवून ठेवलेलं होतं. ते चालवायला खरं तर एक मोटर होती, पण ती गणपतीच्या आधीच बिघडून दुरुस्तीला गेली होती. म्हणून पेटीत एक हँडल खोचायचं आणि हाताने फिरवायचं.

"दिवो इझना नाय, तर ह्यां हंयसून थंय उडी कशी मारता?" हौसाबाईने विचारलं.

"उडी नाय मारणा, आये. मचव्यावरसून होडयेत उतरताना तू काय करतंस? मागचो पाय उचलूच्या आधी फुडलो पाय होडयेत टेकतंस मां? तसाच. नवो टॅप धरल्याशिवाय जुनो सोडूचो नाय. जराशी वेळ दोनूय धरलेले."

"आणि तसाच उभ्या ऱ्हवला तर?"

"तर मचवो एकीकडे, होडी एकीकडे, आणि तू मधी पाण्यात."

हौसाबाई हसली होती. पण लवूचं ते बोलणं थट्टेचं नव्हतं. दोन्ही टॅप धरले की मधल्या वेढ्यांत वीज आपल्याआपण गरगरायला लागते. तिला आवरायला तिथे एक रोधाची तार घातलेली असते. ती तार तेवढा क्षण सोसते. जास्त वेळ ठेवलं तर लाल होते, तेल उकळतं, आणि मग डब्याचं काय होईल ते बघायला जवळ कोणी थांबू नये. नव्या यंत्रांना कमान, म्हणजे स्प्रिंग, असते, ती ताणून सुटली की टॅप आपोआप पलीकडे फेकला जातो. हा डबा मुंबईतल्या कुठल्याशा गिरणीतून उतरवलेला, जुन्या बांधणीचा. त्याला कमान नव्हती. हँडलच्या पहिल्या फेऱ्या हलक्या जायच्या, मधेच हात एकदम जड व्हायचा, आणि त्या जड जागेवर थांबायचं नाही, एवढा एकच नियम होता. जड जागा ओलांडली की आत ठक्क वाजायचं. लवू ते ठक्क ऐकल्याशिवाय श्वास सोडत नसे.

असं दिवसातून कितीतरी वेळा. काटा खाली आला, चढव. काटा वर गेला, उतरव. घरी असला तरी कंदील सोडून नुकत्याच आलेल्या बल्बकडे बघत राहायचा, आणि गणपतच्या पाळीत दिवा जरा मंदावला की ताट सारून उठायचा. सुगंधा वैतागायची. "भात लग्नाची बायको वाढता, आणि ह्यांचो डोळो दिव्यार," म्हणायची. तिला राग यायचा तो खराच होता. नवऱ्याने दोन घास शांतपणे खावेत एवढंच तिचं म्हणणं होतं.

हौसाबाईला देवाची, भुताची, सरकारची कशाचीच फारशी भीती नव्हती. तिला भीती होती ती एका दिवसाची. नवरात्रातल्या खंडेनवमीला हत्यारं पुजतात: कोयता, नांगर, सुताराचा रंधा, जाळी, होडीचं सुकाणू. हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा आणि त्या दिवशी हत्याराला इसाव द्यायचा, म्हणजे विसावा. त्याला कोणी हात लावायचा नाही. लवू लहान असताना त्याच्या बापाने, शंकरने, खंडेनवमीला सुकाणूवरचा हार काढला होता. मचव्यात कौलं भरलेली, वारा बरा, आणि पोचायची घाई. मचवा वेंगुर्ल्याच्या पुढे खडकावर फुटला. बाकीचे पोहून आले, शंकर आला नाही. त्या रात्री वारा फिरला होता, असं त्या पोहून आलेल्यांनीच सांगितलं. हौसाबाईने ते कानाआड केलं. तिच्या लेखी शंकर वाऱ्याने गेला नव्हता, काढलेल्या हाराने गेला होता, आणि सगळी वाडीही तसंच मानत होती.

पुढे तिने रापणीचा, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढून, टोपलीतून म्हावरं, म्हणजे मासे, विकून पोराला वाढवलं. समुद्राच्या तोंडी मात्र त्याला जाऊ दिलं नाही. मिसरूड फुटायच्या आत त्याला मुंबईला गिरणीत धाडला. तिथे विजेच्या खात्यात तेल पुसता पुसता तो हे सगळं शिकला आणि सड्यावर सबस्टेशन उभं राहिलं तसा गावाला परत आला. तरी हौसाबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. समुद्र काय आणि वीज काय, दोन्ही दिसायला गप्प, असं तिचं मत होतं.

म्हणून नवरात्र बसलं तेव्हा तिने त्याला समोर उभा केला. "ह्या वर्षी तुझ्या त्या दांड्याची पूजा कर. आणि खंडेनवमीक तेका हात लावशीत तर माझ्या गळ्याची शपथ."

लवूने शपथ घेतली. इथेच तो चुकला. चुकला कारण त्याच्या डोक्यात गिरणी होती. गिरणीत दसऱ्याच्या सणाला यंत्रांना हार घालत आणि गिरणीच बंद ठेवत. साचे थांबलेले, तर वीज कोण ओढणार? काटा दिवसभर जागचा हलत नसे. हत्यारालाही इसाव आणि कामालाही. सड्यावर मात्र सणाला काम कमी होत नव्हतं, वाढत होतं, हे शपथ घेताना त्याच्या लक्षातच आलं नाही.

खंडेनवमीला गणपत आचऱ्याला आपल्या घरी गेला. लवूने सकाळी टॅप मधल्या जागी आणून ठेवला, हँडल धुतलं, त्याला हळदकुंकू लावलं, पेटीत खोचलं आणि वर झेंडूचा हार घातला. नारळ फोडला. खोबरं तोंडात टाकून तो खोलीत आला तेव्हा काटा छान जागेवर होता. दुपारपर्यंत त्याला वाटलं, झालं, निभावलं.

दुपारनंतर काटा घसरायला लागला. आधी एक रेघ. लवू बाहेर जाऊन आला. मग अर्धी रेघ आणखी. देवळात लाउडस्पीकर सुरू झाला होता, त्याचा आवाज सड्यापर्यंत येत होता. प्रत्येक गाण्याबरोबर काटा खाली जातोय असं त्याला वाटायला लागलं. तो खोलीतून डब्याकडे, डब्याकडून फाटकाकडे, फाटकाकडून खोलीत असा फिरत राहिला. मीटरच्या काचेवर बोटाने टकटक केलं, काटा अडकला असेल म्हणून. काटा अडकला नव्हता. डब्याजवळ गेलं की हात आपोआप हँडलकडे जायचा, म्हणून त्याने हात पाठीमागे बांधले. मग तसे हात बांधूनच चालायला लागला. काजूच्या झाडाखाली बसून पाहिलं. उठला. पाणी प्यायला. पुन्हा मीटर.

उन्हं कलली तेव्हा सायकल हाणत परशुराम आला. सुगंधाचा भाऊ, बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्याची मोटर तो सांभाळायचा. कारखाना रापणकरांनी मिळून काढलेला, नवाच. आदल्या दिवशी रापणीला बांगडा असा लागला होता की दोर ओढता ओढता बायकांचे हात सोलवटले. ते सगळं म्हावरं आता कारखान्यात होतं, आणि उद्या सकाळी ट्रक यायचा होता.

"भावजी, मोटर रडता," तो सायकलवरून न उतरताच म्हणाला. "हात लावूक देणा नाय इतकी तापली. करंट वाढव."

"तू हार घालूक नाय मोटरीक?"

"घातलंय. हार घातलो आणि चालूच ठेवलंय. म्हावऱ्याक काय सांगतलंय, आज खंडेनवमी आसा, कुजा नको म्हणान?"

लवूला हसू आलं नाही. त्याने शपथ सांगितली. परशुरामची मान खाली गेली. शंकरची गोष्ट त्यालाही ठाऊक होती, वाडीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होती.

"तू फिरव," लवू म्हणाला. "मी सांगतंय तसा फिरव. शपथ माका आसा, तुका नाय."

परशुरामने हारातल्या त्या हँडलकडे लांबूनच बघितलं आणि सायकल मागे घेतली. "पुजलेला हत्यार आसा तां. तुझ्या बापाशीचा झाला तां ठावक आसा माका. माका पोरां आसत, भावजी." जाता जाता ओरडून म्हणाला, "दिवेलागणीपर्यंत बघतंय. मगे बंद करतलंय. जळली तर कोल्हापुराक न्हेवक व्हयी, हंगाम गेलोच."

बंद केली तरी म्हावरं जाणार आणि जळली तरी जाणार. शंभर घरांचं म्हावरं. त्यात हौसाबाईचाही वाटा होता, कारण दोर तिनेही ओढला होता. आणि दिवेलागण झाली की काटा आणखी खाली येणार, हे लवूइतकं कोणाला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, शपथेच्या आयचा घो, फिरवून टाकावं. हँडलपर्यंत गेला. हारातलं एक फूल चुरगळलं. आणि त्याच्या डोळ्यांपुढे शंकर आला नाही, आई आली, गळ्यावर हात ठेवून उभी असलेली. तो मागे फिरला. स्वतःचाच त्याला इतका राग आला की त्याने कुंपणाच्या खांबावर लाथ मारली आणि मग लंगडत फिरायला लागला.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा घाटीच्या तोंडाशी हौसाबाई दिसली. हातात केळीच्या पानाने झाकलेली टोपली, आत वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. ती बंदरावरूनच आली असावी. पदराला म्हावऱ्याचा वास होता. फाटकाशी उभी राहून तिने लेकाकडे बघितलं. तो तिच्याकडे न बघता खोलीत गेला, बाहेर आला, डब्याशी गेला, परत आला.

"परशुराम मोटर बंद करूक निघालो हा," ती म्हणाली. "बायका सगळ्यो थंय बसल्यो हत."

"मगे? मी काय करू?" लवू कडाडला. आईवर तो आयुष्यात तसा ओरडला नव्हता. "गळ्याची शपथ कोणी घातली? काटो बघ जा. बघ जा मगे माका सांग, काय करू तां!"

हौसाबाई खरंच खोलीत गेली. तिला मीटर वाचता येत नव्हतं, पण काटा पडलेला आहे एवढं कोणालाही कळलं असतं. ती बाहेर आली, टोपली कातळावर ठेवली, पदर कमरेला खोचला आणि डब्याकडे चालू लागली. लवूला काही कळायच्या आत तिने हँडलवरचा हार काढून बाजूला ठेवला.

"आये!"

"शपथ तुका घातलंय. माका खंय आसा? खंयच्या अंगान फिरवू, सांग."

लवू तिचा हात धरायला धावला आणि मधेच थबकला. हँडलला हात लागला असता. तो हात मागे घेऊन ओरडला, "उजव्या अंगान. आणि ऐक, जड लागतला. जड लागला म्हणान थांबा नको. कायव झाला तरी थांबा नको."

हौसाबाईने फिरवायला सुरुवात केली. पहिल्या फेऱ्या हलक्या गेल्या. ती दोर ओढल्यासारखी सगळं अंग टाकत होती, बांगड्या पेटीवर आपटत होत्या. पेटीच्या काचेतला, टॅप दाखवणारा बाण आपली जागा सोडून निघाला. मग हँडल जड झालं. तिने दात आवळले, अर्धी फेरी गेली आणि हात थांबला. म्हातारीच्या खांद्यात तेवढंच बळ उरलं होतं. आत तेलात बारीक सरसर सुरू झाली.

"ओढ, आये! ओढ!"

"येणा नाय रे..."

दोन्ही टॅप धरलेले, मधे ती रोधाची तार तापत असलेली. लवूने विचार केला नाही. त्याने मागून आईला कवेत घेतलं, तिच्या हातांवर आपले हात ठेवले आणि जोर लावला. तिची हाडं त्याच्या मुठीत करकरली. हँडल फिरलं. ठक्क.

लवू धावत खोलीत गेला. काटा वर आला होता, पण पुरता नाही. धावत परत आला. "आणखी एक व्हयो. आता जरा दम घे, हंय थांबला तर चलता." तिने दम घेतला नाही. दुसऱ्या टॅपला त्याने सुरुवातीपासूनच तिच्या हातांवर हात ठेवले. तिसऱ्यालाही. मग खालच्या वाडीतले दिवे एकदम पांढरे झाले आणि देवळातल्या लाउडस्पीकरचा घोगरा आवाज सुटला. कारखान्याकडून बायकांचा गलका ऐकू आला. मोटर चालू होती.

लवू कातळावर बसला. हौसाबाईचे हात लाल झाले होते, एका बोटाची कातडी सोलली होती. त्याने ते हात धरले तर तिने सोडवून घेतले. हार उचलला, फाटकाच्या खांबाला अडकवला, आणि डब्यासमोर येऊन हात जोडून उभी राहिली.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा," ती म्हणाली. गाऱ्हाणं घालतानाचा तो सूर लवूच्या रक्तातला होता. तो उठून उभा राहिला. "आज पुजलेल्या हत्याराक हात लागलो. तो हात माझो. झिलान माझ्या, लवून, शपथ पाळल्यान. म्हावरां गावाचा, दिवे गावाचे, पण चूक माझी एकटीची. काय दंड आसात तो माझ्या नावार मांड, झिलाच्या नावार नको रे म्हाराजा."

आणि ती थांबली.

गाऱ्हाणं एकट्याने पुरं होत नाही. एकाने घालायचं आणि उभ्या असलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तो होकार मिळेपर्यंत ते देवाला पोचलं असं आमच्याकडे कोणी धरत नाही. सड्यावर होकार द्यायला लवूशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

"म्हण," हौसाबाई म्हणाली.

लवूने मान हलवली, नाही म्हणून.

"म्हण रे. व्हय म्हाराजा म्हण."

"हात माझेय होते, आये."

"तुझे हात दांड्यार नव्हते. माझ्या हातार होते. म्हण."

त्याचे डोळे भरून वाहायला लागले. मग तो वळला आणि काटा बघायला म्हणून खोलीत निघून गेला. हौसाबाई कितीतरी वेळ तशीच हात जोडून उभी होती.

म्हावरं दुसऱ्या दिवशी ट्रकने गेलं. पुढे मोटर दुरुस्त होऊन आली, हँडल खुंटीला लागलं. हौसाबाईही बरीच वर्षं जगली. पुढच्या वर्षभरात ती नुसती खोकल्याचं कानावर आलं तरी लवू घाटी उतरून घरी यायचा आणि दारातूनच तिचा चेहरा बघून परत जायचा. दर खंडेनवमीला ती त्याला म्हणायची, "म्हण रे एकदा, माका सुटल्यासारख्या वाटात." तो उठून अंगणात चालायला लागायचा. अंथरुणाला खिळली, बोलणं तुटक झालं, तेव्हाही तिने हात जोडून त्याच्याकडे बघितलं, आणि तिला काय हवंय ते त्याला कळलं.

लवूने व्हय म्हटलं नाही. ती गेली तेव्हा गाऱ्हाणं अर्ध्यावरच होतं.